कारराव आणि गावातला मार्केट शेअर

ताशी तीनशे किलोमीटर धावणाऱ्या गाड्या विकणारे कारराव स्वतः मोपेडवरून शोरूमला यायचे, आणि वाटेत सायकलवाले त्यांना मागे टाकायचे. चारचाकी त्यांना चालवताच येत नव्हती. टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाईक गाडी चालवायचं आणि कारराव शेजारी, पट्टा आवळून, मांडीवर हात ठेवून बसायचे. गाडीने वेग घेतला की त्यांचे डोळे मिटत. गिऱ्हाइकाला वाटे, माणूस सुखावलाय. प्रत्यक्षात ते रामरक्षा म्हणत असत.

खरं नाव सेतुराव. कुंभकोणमच्या तमिळ लोकांनी त्यांचं कारराव केलं आणि मग आम्ही घरचेही तेच म्हणू लागलो. आईचे चुलतभाऊ, म्हणून माझे मामा. त्रिचीच्या एका डीलरने आमच्याकडे जर्मन स्पोर्ट्स गाड्यांचं शोरूम काढलं, जेमतेम एक गाडी मावेल एवढं. मामा तिथे मॅनेजर आणि फोन घ्यायला मी. बाहेर आम्ही तमिळ बोलायचो, पण गिऱ्हाईक नसलं की मामांची जुनी तंजावरी मराठी सुरू व्हायची. काचेवर बोट उमटलेलं दिसलं की म्हणायचे, "बाळे, पूस हें. गाडीस दृष्ट लागत्ये."

वर्षभरात बरोबर समोर ब्रिटिश कंपनीचं शोरूम आलं. त्याचे मॅनेजर सेल्वम आधी ट्रॅक्टर विकायचे, त्यामुळे ते आलिशान गाडीबद्दलही नांगर किती ओढेल अशा थाटात बोलत. हे दोघे एकमेकांचे वैरी, आणि रोज सकाळी नाक्यावर एकत्र कॉफी पीत. तिथे दोघेही तोंडभर खोटं बोलायचे. मामा सांगायचे, तिरुभुवनमचा एक रेशीमवाला आपल्याकडे नक्की झालाय. सेल्वम सांगायचे, सिंगापूरहून परतलेला एक जण आपल्या खिशात आहे. मग परत येऊन मामा मला विचारायचे, "तो सिंगापूरवाला कोण, ठावें आहे का तुज?" समोर सेल्वमही आपल्या फोनवरच्या मुलीला रेशीमवाल्याबद्दल हेच विचारत असणार.

चेन्नईच्या हेड ऑफिसला मात्र एकाच गोष्टीत रस होता, तो म्हणजे मार्केट शेअर. गावात असल्या गाड्या सगळ्या मिळून पाच. तीन आमच्या, दोन समोरच्या. म्हणजे साठ टक्के. मामा हा आकडा फोनवर असा सांगायचे की चेन्नईवाल्यांना वाटावं, कावेरीकाठी आमच्या गाड्यांची रांग लागलीय. तरीही एक दिवस निरोप आला की यंदा शेअर घसरला तर शोरूम बंद.

आणि त्याच आठवड्यात इन्नंबूरच्या विशालाक्षी अम्मांचा फोन आला. राइस मिलच्या मालकीण. व्याह्यांनी तंजावरमध्ये भारी गाडी घेतली होती, त्याहून भारी त्यांना हवी होती. त्यांनी दोन्ही शोरूमना एकाच सकाळी बोलावलं. आमची गाडी भाड्याच्या ड्रायव्हरने तिथे नेली.

आमची गाडी पुढे, सेल्वमांची मागे. आमची अम्मा स्वतः चालवत होत्या, शेजारी मामा, मागे दाटीत मी. गावाबाहेर वळण घेतलं तर अख्खा रस्ता भाताने झाकलेला. बायांनी वाळत घातलेलं. आमची गाडी जमिनीपासून चार बोटं वर, ती नांगर चालवावा तशी भातात घुसली आणि थांबली. पोटाखालून दाणे बाहेर सांडले. बाया धावून आल्या. त्यांनी इंजिनाची ताकद वगैरे काही विचारलं नाही. मामांच्या हातात लाकडी फावडं दिलं. सेल्वम मागे हसत उभे होते, तर त्यांच्याही हातात दिलं. टाय खांद्यावर टाकून दोन कंपन्यांचे दोन मॅनेजर शेजारी शेजारी भात ओढू लागले. अम्मा गाडीत बसून म्हणाल्या, "नीट ओढा, दाणे फोडू नका. ते माझ्याच मिलमध्ये येणार आहेत."

एवढं होऊनही अम्मांना आमचीच लाल गाडी आवडली. मी मनात पेढे वाटले. तेवढ्यात मामांनी खिशातून टेप काढली आणि अम्मांच्या घराचं फाटक मोजलं. गाडी आत जात नव्हती. एका खांबात पिल्लैयार गणपतीचा कोनाडा, म्हणजे खांब पाडायचा प्रश्नच नाही. मामांनी टेप गुंडाळली आणि गणपतीला हात जोडले.

"अम्मा, ही बाहेर रस्त्यावर राहील," ते म्हणाले. "सेल्वमची अरुंद आहे, ती आत जाईल."

परत येताना मी मामांवर चिडले. ते म्हणाले, "बाहेर ठेविली तर शेळ्या चढतील टपावर. मग अस्कं गाव म्हणेल, काररावानें शेळ्यांस गाडी विकली." मग हळूच म्हणाले, "शिवाय ती बाई रोज ते फाटक बघेल आणि आम्हांस शिव्या देईल. सोसवणार नाहीं."

अम्मांनी सेल्वमांची गाडी घेतली. दोघांच्या तीन-तीन झाल्या. साठाचे पन्नास टक्के झाले आणि आमचं शोरूम बंद पडलं. सेल्वमांच्या कंपनीत जल्लोष झाला, पण तो थोडेच दिवस. जिथे स्पर्धक टिकत नाही तिथे गिऱ्हाईकच नसणार, असा हिशेब त्यांच्या साहेबांनी केला आणि तेही दुकान गुंडाळलं.

मामा मुलीकडे चेन्नईला निघाले तेव्हा सेल्वम स्टेशनवर आले होते. ते परत ट्रॅक्टर विकू लागले होते. "राव सार, आता भांडायला कोणी उरलं नाही," ते म्हणाले. मामांनी खिडकीतून त्यांचा हात धरला आणि तमिळमध्ये म्हणाले, "तुम्ही वाईट सेल्समन होता, सेल्वम. मी त्याहून वाईट. म्हणून बरं चाललं होतं." गाडी हलली तरी हात सोडवायचं दोघांनाही सुचलं नाही. सेल्वम फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले.

मामा गेल्या वर्षी चेन्नईतच वारले. मी आता साड्यांच्या दुकानात आहे. मागच्या महिन्यात समोर नवं दुकान उघडलं. आमचे मालक दिवसभर काचेतून तिकडे बघत बसले. मी दुपारी रस्ता ओलांडून गेले आणि तिथल्या मॅनेजरबाईंना म्हटलं, दुकान छान चालू दे. परत आल्यावर मालकांनी विचारलं, हे काय केलंस? मी म्हटलं, "चालू दे त्यांचं. आपल्यापेक्षा जरा कमी, पण चालू दे."