अर्थिंगचे नऊ व्होल्ट

सिंहस्थानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या पेपरच्या नाशिक आवृत्तीच्या सर्व्हरमधली एक डिस्क बंद पडली. डिस्क दोन होत्या आणि दोन्हींवर तीच माहिती साठत असे, त्यामुळे काम थांबलं नाही. नवा सर्व्हर मंजूर होऊन यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात दुसरी डिस्कही वाजायला लागली. खोलीत शिरलं की टक टक असा आवाज यायचा, मग थोडा वेळ काहीच नाही.

तिच्यावर पानं होती, पण पानांचे छापील अंक कपाटात होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती ती फक्त सिंहस्थाच्या फोटोंची. आमचा छायाचित्रकार रामकुंड ते त्र्यंबकेश्वर अशा असंख्य खेपा घालून ते फोटो घेऊन आला होता. डिजिटल कॅमेरा तेव्हा नवा होता. त्याचं कार्ड सर्व्हरवर रिकामं करायचं आणि पुन्हा वापरायचं, असा नियम होता. नियम मी केला होता. उपसंपादकाच्या खुर्चीवरून मला तांत्रिक विभागात बसवलं होतं. सीडीवर प्रत काढायचं राहून गेलं. बाकीचे संगणक भरलेले होते, आणि वेगळी डिस्क मागितली तेव्हा मुख्य कार्यालयाने कळवलं, नवा सर्व्हर येतोच आहे. जुनं यंत्र बंद करणंही धोक्याचं होतं. थांबलेली डिस्क पुन्हा फिरेल याची खात्री कोणी देत नव्हतं.

इंजिनियर सकाळी मुंबईहून आला. पंचविशीचा, कमी बोलणारा. रॅक आदल्या दिवशीच उभा केला होता: माणसाच्या उंचीचं, जाळीच्या दाराचं लोखंडी कपाट. आम्ही दोघांनी सर्व्हर दोन्ही बाजूंनी धरून उचलला, रुळांवर टेकवला आणि आत सरकवला. स्क्रू बसले, केबली बांधल्या गेल्या. साडेबारा वाजले होते. आता फक्त बटण दाबायचं, असं मला वाटलं. त्याने व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढून त्याच्या पिना रॅकच्या सॉकेटमध्ये घातल्या.

"न्यूट्रल आणि अर्थमध्ये नऊ व्होल्ट येतायत, सर. दोनच्या आत पाहिजे."

"नाहीतर?"

"नाहीतर मी चालू करत नाही."

"जुनं यंत्र याच अर्थिंगवर चाललंय."

"त्याचा आवाज ऐकताय ना?"

त्याच्या फॉर्मवर हा आकडा लिहायची एक चौकट होती. जास्त आकडा लिहिला तर वॉरंटी मिळणार नव्हती. मी त्याला म्हणालो, "दोन लिहा. अर्थिंगच्या खड्ड्याचं आम्ही उद्या बघून घेतो."

त्याने पेनाला टोपण लावलं. "तुमच्या पेपरात असं छापता का सर?"

मी वायरमनला फोन केला. तो आमचा कायमचा माणूस नव्हता, बोलावलं की अंबडहून सायकलवर यायचा. तो पोहोचला तेव्हा सव्वा वाजला होता. तोवर छायाचित्रकारही येऊन जुन्या यंत्राशेजारी स्टुलावर बसला होता. डिस्कचा आवाज ऐकत होता.

वायरमन इमारतीच्या मागे गेला आणि कँटीनच्या भिंतीलगत फेऱ्या मारू लागला.

"सायेब, खड्डा कुठं गेला?"

"इथेच असेल."

"इथंच व्हता. आता वर फरशी हाय. कुनी टाकली?"

कँटीन चालवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. "साहेबांनीच की. दिवाळीत. मला मोरी बांधून दिली, कंबर वाचली माझी. आधी मी इथंच दगडावर बसून भांडी घासायचे. दोन्ही टायमाची. सगळं पाणी इथंच मुरायचं."

वायरमन मोठ्याने हसला. "म्हंजे मावशी, येवढी वर्सं पेपर तुमच्या खरकट्या पान्यावर चालला म्हना की!"

"आणि बरा चालला," मावशी म्हणाल्या.

तिथे चिखल होतो, डास होतात, अशा तक्रारी होत्या. मी मोरी बांधून पाणी गटाराला जोडलं आणि मोकळ्या जागेवर फरशी घातली. कामाचा अहवालही लिहिला होता. खाली अर्थिंगचा पाइप आहे आणि त्याच्याभोवतीची माती ओली राहिली तरच तो काम करतो, हे त्या अहवालात नव्हतं. पहिली डिस्क सहा महिन्यांनी गेली. त्याचा मोरीशी संबंध होता का, ते सिद्ध करता आलं नाही.

फरशी फोडायला अर्धा तास गेला. खालची माती भुग्यासारखी कोरडी होती. मी बादल्या ओतायला लागलो. मावशींनी मोरीच्या नळाला पाइप लावला.

"रॉकेलसारखं जपून काय ओतताय?" त्या मला म्हणाल्या. "उपडी करा बादली!"

ओल टिकावी म्हणून वायरमनने दोन पिशव्या खडेमीठ मागवून खड्ड्यात टाकलं. इंजिनियर वर सॉकेटपाशी उभा राहून खिडकीतून आकडे सांगत होता. साडेसात. बराच वेळ साडेसातच. मग सहा. पाणी आत जाताना दिसत होतं, आकडा मात्र त्या वेगाने उतरत नव्हता. अडीच वाजता चार. मध्ये एकदा छायाचित्रकार खिडकीत आला. "आवाज वाढलाय," एवढंच बोलून आत गेला.

तीनला दहा कमी असताना अडीच व्होल्ट आले.

"अडीच म्हणजे दोनच की," वायरमन खालून ओरडला.

"अडीच म्हणजे अडीच," वरून उत्तर आलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी एक पूर्णांक नऊ दशांश. इंजिनियरने आकडा लिहिला, माझी सही घेतली आणि बटण दाबलं. पंखे एकदम विमानासारखे गरजले, छायाचित्रकार स्टुलावरून उठला. मग आवाज खाली आला. पुढच्या पट्टीवरचे पिवळे दिवे एकेक करून हिरवे झाले. नव्या डिस्क जोडून घेणं आणि बाकीची मांडणी यात आणखी तास गेला. सव्वाचारला मी सिंहस्थाचे फोल्डर जुन्या यंत्रातून नव्यात ओढायला घेतले. तारखेप्रमाणे, पहिल्या दिवसापासून.

डिस्क एकेका फोटोवर अडत होती, पुन्हा प्रयत्न करत होती, पुढे सरकत होती. पहिल्या शाहीस्नानाचं फोल्डर पूर्ण आलं. दुसऱ्याचंही आलं. तिसऱ्याचं निम्मं होत आलं असताना टकटक थांबली. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावरची पट्टी होती तिथेच राहिली. इंजिनियरने जुनं यंत्र बंद करून दोनदा चालू करून पाहिलं. डिस्क फिरली नाही.

छायाचित्रकाराने नव्या सर्व्हरवर तिसरं फोल्डर उघडलं आणि शेवटपर्यंत पाहिलं.

"पहाटेचे आलेत," तो म्हणाला. "उजाडल्यानंतरचे नाहीत." माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "साडेबाराला चालू झालं असतं तर?"

"तर सगळे आले असते," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढून पहिलं फोल्डर उघडलं आणि आलेले फोटो मोजायला सुरुवात केली.