शिंगाडे देणारी बाई

आम्ही लेखकाला ऐकायला गेलोच नव्हतो. मुलीचं गाईड घ्यायचं होतं, आणि सासूबाई घरी एकट्या कंटाळल्या होत्या, म्हणून त्यांनाही सोबत घेतलं. भंडाऱ्यात आमच्या वस्तीतलं पुस्तकांचं एकच दुकान. तिथल्या बाईंनी त्या आठवड्यात दुकानासमोरच्या गल्लीत मांडव घालून पुस्तक महोत्सव भरवला होता. रोज संध्याकाळी एक लेखक यायचा. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. रिकाम्या खुर्च्या दिसल्या तशा त्या मागच्या रांगेत बसल्या.

"पाच मिनिटं बसून घेतो, मंग जाऊ," त्या म्हणाल्या.

समोर पन्नाशीचे एक गृहस्थ माइक नीट करत होते. आतापर्यंत मी एकही लेखक प्रत्यक्ष पाहिला नव्हता. हा माणूस तर आमच्या बँकेतल्या कॅशिअरसारखा दिसत होता. त्यांचं पुस्तक मामाच्या गावावर होतं. ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं, एवढं सांगून त्यांनी गावाचं नाव घेतलं.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. सासूबाई ताठ बसल्या होत्या. त्यांचं सासर तेच. लग्न होऊन मी आले तेव्हा गाव उठून गेलं होतं. घरात त्याचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, म्हणून आम्ही तो काढणंच सोडलं होतं.

ते वाचू लागले. तलावाच्या पाळीवरून गल्लीत शिरले आणि एकेका घरापाशी थांबत पुढे निघाले. लोहाराचा भाता, विहिरीवरची भांडणं, बौद्धवाड्यातल्या विहाराचा निळा दरवाजा. सासूबाईंचे ओठ हलत होते. एकदोनदा तर त्यांनी पुढच्या घराचं नाव लेखकाच्या आधीच घेतलं. मांडवात पंखे फिरत होते, रस्त्यावर मोटारसायकली वाजत होत्या, आणि मला मात्र ती कधीही न पाहिलेली गल्ली स्पष्ट दिसत होती.

"पुढे भिंतीवर मोर काढलेलं घर होतं," ते वाचत होते. "तिथली बाई आम्हा पोरांना उकडलेले शिंगाडे द्यायची. हात भाजायचे, तरी आम्ही ओंजळ सोडत नसू. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं कुणाला?"

सासूबाई उभ्या राहिल्या. चारचौघांत कधी मोठ्यानं न बोलणारी ती बाई मागून म्हणाली, "मले इचार ना! मोर मीच काढला होता."

सगळ्यांनी वळून पाहिलं. लेखकाच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं.

"एक पोट्टा दोनदा मांगे," त्या पुढे म्हणाल्या. "पह्यले खिशात टाके, मंग रिकामा हात दाखवे. तूच का रे थो?"

"मीच, मामी," ते म्हणाले. खुर्च्यांमधून वाट काढत ते मागे आले आणि वाकले. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मग दुकानाच्या बाईंनीच हात धरून सासूबाईंना पुढे नेलं. सासूबाईंनी माइक घेतला नाही, गरजही पडली नाही. मोराच्या घरापासून पुढची गल्ली त्यांनी सांगितली. एवढ्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं तेवढं त्या एका संध्याकाळी बोलल्या, आणि लेखक जमिनीवर सतरंजीवर बसून लहान पोरासारखे ऐकत होते. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

घरी परतताना ऑटोत, लेखकांनी आपला फोन नंबर लिहून दिलेलं पुस्तक सासूबाईंच्या मांडीवर होतं. त्यांना वाचता येत नाही. मध्येच त्यांनी विचारलं, "ह्या कागदावर आपली पूरी गल्ली मावली कशी वो?"

मी पुस्तक उघडून गावाच्या नावावर त्यांचं बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी त्यांना ते वाचून दाखवू लागले. त्या डोळे मिटून ऐकतात. कधी हसतात, कधी म्हणतात, "थांब, थे डबल वाच." काल आम्ही लोहाराच्या घरापर्यंत पोचलो. लोहाराच्या बायकोचं नाव पुस्तकात नव्हतं. ते त्यांनी मला सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "त्या पोट्ट्याले फोन लाव, सांगून देतो."

मी फोन लावला.