मामंजींचा मध

बाळंतिणीच्या खोलीतल्या त्या दुपारी मला अजूनही ओव्याच्या धुरातूनच दिसतात. खाटेखाली शेगडी, कुशीत पहिली मुलगी, आणि मी निम्मी झोपेत, निम्मी सासरच्या खटकचिंचोळी गावात. रझाकारांची धामधूम संपून वर्ष-दोन वर्षं झाली होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळीतून तांब्याचा चंबू घेऊन आल्या. धामधुमीच्या आधीच्या उन्हाळ्यात मामंजींनी शेतातल्या आंब्यावरून उतरवलेला मध त्यात होता. पुढं ते तापानं गेले. नातवंडाच्या जिभेवर पहिलं बोट याच मधाचं, असं आत्याबाईंनी मनाशी धरलं होतं. मामंजी गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. चंबूचं तोंड मात्र फडक्यानं घट्ट बांधून ठेवलं होतं.

फडकं सुटलं. मधाच्या कडेला हिरवट झाक दिसली आणि माझी झोप उडाली. चंबूची आतली कलई कधीच उडाली होती. त्या साली कलईवाला गावाकडं फिरकलाच नव्हता, आणि तांबं देवाचं, त्यात काय बिघडणार, म्हणून आत्याबाईंनी मध तसाच भरला होता.

"आधी सुई घालून बघू," मी म्हटलं. माझ्या माहेरी लोणच्याची अशी पारख व्हायची, आणि मी तोंडाची फटकळ.

"कामून? इख घालायलीय का म्या पोरीला?"

"तुमी न्हाई, आत्याबाई. भांड्यानं घातलं असंल."

 आत्याबाईंनी मग स्वतःच लोखंडी सुई राखेनं लख्ख घासली, वाटीत थोडा मध काढला, त्यावर लिंबू पिळलं आणि सुई बुडवून ठेवली. ऊन भिंतीवरून सरकत राहिलं. सुई पांढरीच राहू दे, असं मी मनापासून म्हणत होते. म्हणता म्हणता डोळा लागला. स्वप्नात मामंजी आंब्यावरून उतरत होते, उतरतच होते, आणि जमीन काही येत नव्हती.

जाग आली तेव्हा आत्याबाई सुई पदराला पुसत होत्या. कितीही पुसली तरी ती तांबूसच.

"कळकलंय ग," त्या म्हणाल्या. "तांबं उतरलंय त्यात."

आता त्या चंबू रिकामा करायला उठतील असं मला वाटलं. पण त्यांनी मधात बोट बुडवलं आणि बाळाच्या कपाळाला टेकवलं, जिभेपासून लांब. "आजा हाय तुजा. वळख ठिव."

थोड्या वेळानं खिडकीतून एक मधमाशी आली आणि बाळाभोवती घिरट्या घालू लागली. मी पदरानं तिला हाकललं. आत्याबाईंनी फडकं ओलं केलं आणि ते कपाळ पुसायला घेतलं, अगदी हळू. पुसता पुसता त्या मामंजींसाठी पहिल्यांदा रडल्या.