ब्रेकबाईंच्या पोटातले खडे

गाडी शिकायला येणारे तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. पहिल्या दिवशी घामट हातांनी स्टिअरिंगला लटकलेल्या प्रत्येकाला ती एकच सांगे, "घाबरू नका. माझ्या पायाखाली पण ब्रेक आहे." इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या जिभेला असं चिकटलं होतं की झोपेतसुद्धा बरळली असती. माणसंही भोळी, लगेच विश्वास ठेवत.

वजन नेमकं कधी वाढलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. काम दिवसभर बसून, खाणं मिळेल तेव्हा आणि मिळेल ते. सीटचा पट्टा पुरेना, तेव्हा तिने लांब पट्टा बसवून घेतला. पोट डॅशबोर्डला टेकायला लागलं, तेव्हा सीट एक खाच मागे सरकवली. मग आणखी एक. उपास केले, पहाटेचं चालणं केलं, कोणी सांगितले ते काढे नाक दाबून प्यायले. वजन रुसून माहेरी जावं तसं चार दिवस जाई आणि दुप्पट सामान घेऊन परत येई. शेवटी सीटच्या खाचा संपल्या.

त्या दिवशी गाडी चालवत होता एक दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना "काही दुखणार नाही" म्हणणारा हा गृहस्थ स्टिअरिंगमागे बसला की स्वतःच आ वासून बसे. वळणावर समोरून एक रंगारी सायकलवर आला, खांद्यावर शिडी घेऊन. डॉक्टरने ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं आणि गाडी उसळली. बाईने पाय टाकला. सीट इतकी मागे होती की पाय पोचवायला तिला अंग खाली घसरवावं लागे, आणि मध्ये पोट आडवं. बुटाचं टोक ब्रेकच्या कडेला लागलं आणि निसटलं. दुसऱ्यांदा लागलं तेव्हा शिडी बॉनेटवर होती आणि रंगारी रस्त्यावर.

रंगाऱ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याने उठून दोघांचा यथेच्छ उद्धार केला, चाक सरळ करून घेतलं आणि गेला. डॉक्टर हात जोडून म्हणत होता, "बाई, चूक माझी." चूक कोणाची होती ते एकट्या तिच्या पायाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून गाडीत बसली की ती आधी पाय ब्रेकपर्यंत पोचतो का ते बघे. पुढच्या वेळी समोर रंगारी नसेल, शाळेतून सुटलेलं पोर असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी करायला ती गेली, तेव्हा सर्जनने कागदावर जठराचं चित्र काढलं आणि त्यावर उभी रेघ ओढली. रेघेच्या पलीकडचं सगळं काढून टाकायचं. उरेल ती केळ्याएवढी नळी. पुढे काही आठवडे फक्त पातळ, मग मऊ, आणि जन्मभर थोडं थोडं. "जिथे शिवलेलं असतं तिथून गळती लागली तर मात्र गंभीर. क्वचित होतं," तो म्हणाला. बाकीचं त्याने बरंच समजावलं, पण तिच्या कानांनी 'गंभीर' एवढाच शब्द उचलून घरी आणला.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मुळात अबोल माणूस. तो म्हणाला, "तू ठरवशील ते. पण आईंना काय सांगायचं?"

खरा घोळ तिथेच होता. तिची आई त्यांच्याकडेच राहायची. तिचे वडील, म्हणजे आईचा नवरा, हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला म्हणून गेले होते. घरी येताना घालायला आईने त्यांचा शर्ट इस्त्री करून नेला होता. तो मांडीवर घेऊन ती बाहेर बाकावर बसली, आणि संध्याकाळी शर्ट तसाच घडी न मोडता परत आला. त्यानंतर आईने हॉस्पिटलात कोणाचेही कपडे म्हणून नेले नाहीत. दुखत-खुपत नसताना, चालत्याबोलत्या माणसाने आपणहून पोट कापून घ्यायचं, हे तिला सांगायचं कोणत्या तोंडाने?

आईनेच एकदा भांडी पुसता पुसता विचारलं, "काय गं, डॉक्टरांकडे कसल्या चकरा चालल्यात?"

"पित्ताशयात खडे निघालेत," तिच्या तोंडून निघून गेलं. "काढावे लागतील."

आईच्या हातातलं ताट थांबलं, मग ती पुन्हा पुसायला लागली. "वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचे काढले होते," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी सगळं खात होत्या." काढावे लागतील म्हटल्यावर आईला विरोध करायला जागाच उरली नव्हती. लेकीचा जीव भांड्यात पडला. खोटं इतकं सोपं गेलं, याचीच तिला नंतर भीती वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी ती पाळण्यातल्या पोरासारखी पाठीवर पडून छताचे दिवे बघत होती आणि दात वाजत होते. भूल देणारी बाई तोंडावर मास्क धरून म्हणाली, "घाबरू नका हं." ऐकलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. हेच आपण इतकी वर्षं लोकांना ऐकवलं? ह्याचा काडीचाही उपयोग होत नाही! चादरीखाली तिचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. तिथे काहीच नव्हतं.

ती जागी झाली, जिवंत होती, आणि बाहेर आई रिकाम्या हातांनी बसली होती.

घरी आल्यावर खऱ्या भीतीला तोंड फुटलं. घोटभर पाणी प्यायचं आणि थांबायचं. आत गेलेला घोट कुठे पोचला ते कळे. जरा कळ आली की तिला वाटे, सुटली शिवण. कपाळाला हात लावून ताप बघायची, मग नवऱ्याला लावून बघायला सांगायची. तोही घाबरट, त्याचा हात तिच्या कपाळापेक्षा गरम. दोघं दार लोटून कुजबुजत, डॉक्टरांना फोन लावत, आणि आई आत आली की गप्प होत.

आई हे सगळं बघत होती. चौथा दिवस उलटला, आठवडा उलटला, लेकीच्या पोटात गाळलेल्या सुपाशिवाय काही जात नव्हतं. गालफडं बसली. मध्येच ती रडे, का ते सांगत नसे. शिंपीणबाई दोनदा डोकावून गेल्या आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, "अगंबाई, अजून पातळच?"

एका दुपारी नवरा कामावर असताना आई वाटी घेऊन आली. मऊ भात, त्यात कुस्करलेला बटाटा.

"आई, नको. नाही चालत मला."

"शिंपीणबाईंना चालत होतं." आईचा आवाज नेहमीचा नव्हता. "एक घास खा. माझ्यासाठी खा."

तिने वर बघितलं. आईची हनुवटी थरथरत होती. वडील गेले त्या संध्याकाळनंतर तिने ते पाहिलं नव्हतं. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तोंड उघडणं सोपं वाटलं. एक घास गेला, मग दुसरा. आई भरवत होती आणि डोळे पुसत होती.

वाटी खाली ठेवायच्या आत कळ आली. छातीच्या मधोमध काहीतरी अडकलं, डावीकडे सरकलं, खांद्यापर्यंत चढलं. घास उलटून पडला, कळ गेली नाही. खांदा दुखला तर ताबडतोब या, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. आईने टॅक्सी आणली आणि तिला कवेत घेऊन बसवलं. वाटेत प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय टॅक्सीची जमीन दाबत होता.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"मऊ भात आणि बटाटा," आईने पुढे होऊन सांगितलं. "खड्यांच्या ऑपरेशनला चालतो ना?"

"कसले खडे?" डॉक्टरीण कागद चाळत म्हणाली. "यांचं जठर कापलंय, आजी. यांना पातळाशिवाय काही द्यायचं नव्हतं!"

पलंगाचा गज धरून आईने लेकीला हळूच विचारलं, "जठरात... तसलं काही निघालं का गं? मला कळलंच होतं. तुम्ही दार लावून बोलायचात."

तेव्हा लेकीला उमगलं की आई इतके दिवस तिला मरताना बघत होती.

"नाही आई. तसलं काही नाही. वजनासाठी केलं. मी... मीच करून घेतलं."

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

तिला हो म्हणायचं होतं. खांदा ठणकत होता. "आता माहीत नाही," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. आईने तिला उगी केलं नाही. नुसती डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मला सांगितलं असतंस तर मी नकोच म्हटलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"तू केलंच असतंस. लहानपणापासून कुणाचं ऐकलंयस?" आईने नाक पुसलं. "मीही घाबरलेच असते. पण निदान खऱ्या गोष्टीला घाबरले असते गं."

गळती आहे का ते बघायला तिला एक पांढरं, बेचव औषध घोट घोट पाजून फोटो काढले. निकाल यायला वेळ होता. नवरा चष्म्याच्या काचांची पांढरी भुकटी अंगावर घेऊन तसाच धावत आला. आई मात्र कुठे दिसेना. रागावून गेली असेल, तिला वाटलं, आणि जावंच तिने.

बऱ्याच वेळाने आई आली. हातात पिशवी होती. तिने काही न बोलता पिशवी उघडली आणि लेकीचे इस्त्री केलेले कपडे काढले. इस्त्रीची ऊब अजून गेली नव्हती. आई भिंतीशी स्टुलावर बसली, कपडे मांडीवर घेतले आणि दोन्ही हात वर ठेवले. निकाल येईपर्यंत तिने ते उचलले नाहीत.

गळती नव्हती. घास अडकून सूज आली होती. काही दिवसांनी ते कपडे घालून ती घरी गेली.

पुढे काही महिन्यांनी ती कामावर परतली. सीट पुढे ओढली, आणखी पुढे ओढली, आणि रिकाम्या गाडीत बसून पूर्ण तळवा टेकवून ब्रेक दाबून पाहिला. कुठे काही दुखलं की अजून तिच्या काळजात चर्र होतं. तसं झालं की ती आधी आईला सांगते. मग दोघी मिळून घाबरतात.

त्या दिवशी शिकायला आलेली मुलगी स्टिअरिंगला घट्ट धरून बसली होती. "बाई, मला फार भीती वाटतेय."

जुनं वाक्य जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"वाटू दे," ती म्हणाली. "फक्त कशाची वाटतेय ते मला सांगत राहा. मी इथेच आहे. चल, टाक पहिला गिअर."