दुसरी चूल

“ही दुसरी चूल कुणाची?”

“माज्या नणंदेची!”

“नणंद? आन् एका घरात तिची चूल येगळी? मला शिकवती व्हय गं? पोटभाडेकरू ठेवलाय तू!” चाळमालक तात्या माझ्या दारात उभा राहून ओरडत होता आणि अख्खी चाळ ऐकत होती.

पुढचं सांगते, पण आधी हे ऐका. लढाईच्या दिवसांत मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून माणसं पळत लोणावळ्याला आली. आमच्या चाळीत ज्याने त्याने आपल्या दोन खोल्यांतली एक त्यांना गुपचूप भाड्याने दिली. मालकाला विचारलं कोणी? त्याचा कायदा एकच: पोटभाडेकरू सापडला की दोघांचंही सामान रस्त्यावर! तेव्हाचे किस्से एवढे साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा पुढे घुसतो.

*

शेजारची शेवंता. तिने दादरच्या एका कारकुनाला वडिवळे गावचा शेतकरी मावसभाऊ करून टाकला. कोट उतरवला, मुंडासं बांधलं, घोंगडी दिली. तात्याने गोड आवाजात विचारलं, “काय पाव्हणं, भाताची लावणी उरकली का?”

“हो तर! परवाच उरकली!”

लावणी आषाढातली, आणि तेव्हा चैत्र चालू होता! संध्याकाळी शेवंताची भांडी रस्त्यावर होती.

*

रेल्वेतल्या गँगमन सोनबाचं तर याहून वाईट. त्याचा पोटभाडेकरू रोज तात्याबरोबर पानसुपारी खायचा. सोनबा लग्नाला म्हणून परंदवडीला गेला. परत येऊन आपलंच दार ठोठावतो, तर पोटभाडेकरूने अर्धं दार उघडून विचारलं, “ही खोली तात्यांनी आता माझ्या नावावर केलीय. कोण पाहिजे आपल्याला?”

*

आता आमचं. यजमान रेल्वेत, पाय मोडून खाटेवर पडलेले. घर सुटलं असतं तर त्यांना घेऊन मी कुठे जाणार होते? आतली खोली दिली होती गिरगावच्या गोदूताईंना. विधवा बाई, कडक सोवळ्याच्या. कांदा-लसूण वर्ज्य, आणि आमच्या मराठ्याच्या घरचं तर पाणीसुद्धा नको. म्हणून ती दुसरी चूल!

तात्या म्हणाला, “नणंद हाय ना? मग खाऊ दे तुज्या चुलीवरचं, समद्यांम्होरं. खाल्लं तर मी आल्या पावली जातो. न्हाईतर आजच खोली मोकळी कर!”

“माज्या घरात कुनी कवा जेवायचं, ते तुमी ठरवनार व्हय, तात्या?” मी आवाज चढवून म्हटलं. यजमानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

गोदूताई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं नाही, तात्याकडेही नाही. सरळ माझ्या चुलीपाशी बसल्या, भाकरी मोडली, लसणाच्या पिठल्याला लावली आणि तोंडात घातली.

घास गिळून त्या मला म्हणाल्या, “वहिनी, लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या दादाच्या पिठल्यात मीठ घालायला कधी शिकणार तुम्ही?”