साहेबरावची जीप आणि जांबचा रस्ता

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेच्या डोंगरात, ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. जालना जिल्ह्यातले दोन ड्रायव्हर त्याच कंपनीत होते. एक भोकरदनकडचा नाईक साहेबराव, दुसरा जांब समर्थच्या अलीकडच्या एका खेड्यातला शिपाई दत्ता. रोजचं काम ठरलेलं. पहाटे गाड्या तपासायच्या, कॉन्व्हॉय सोडायचा, संध्याकाळी मोजून आत घ्यायचा. गाडी बंद पडली तर ड्रिल एकच. बॉनेटला हात लावायच्या आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचं. रिकामी टाकी घेऊन कार्बोरेटर खोलत बसलेले शहाणे आमच्या सुभेदार साहेबांनी फार पाहिले होते.

एका सकाळी दरड कोसळली आणि दत्ताची गाडी दरीत गेली. मागची गाडी साहेबराव चालवत होता. रेडिओवर त्याचा आवाज आला, "एक गाडी कमी." 

रिटायर झाल्यावर साहेबरावने लिलावातली जुनी पेट्रोल जीप घेतली. दरवर्षी दत्ता गेला त्या तारखेला तो मला बदनापूरहून उचलायचा आणि आम्ही दत्ताच्या आईला भेटून यायचो. यंदा मीच आदल्या दिवशी एसटीने त्याच्या गावी गेलो. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. ही त्याची शेवटची खेप, हे तिघांनाही माहीत होतं: त्याला, मला आणि त्याच्या बायकोला.

"भाड्यानं चांगली गाडी करू," मी म्हणालो.

"ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसून निरोप घ्यायला जातो का उस्ताद? गाडी बिलकुल तयार हाये. मी सगळं करून ठिवलंय."

सकाळी सात वाजता निघालो. वहिनींनी भाकरी आणि थर्मास दिला. "अंधार पडायच्या आत आणा भाऊजी," एवढंच म्हणाल्या. स्टिअरिंग माझ्याकडे, साहेबराव शेजारी शालीत गुंडाळलेला. तोंड मात्र चालू. "क्लच बराबर दाबा उस्ताद. नांगर हाकून राह्यले का?"

राजूरच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले आणि जीप थांबली. ड्रिलप्रमाणे मी टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, फिल्टर बदलला, सेल्फ मारला. लगेच सुरू.

"फिल्टरच होता," साहेबराव म्हणाला.

राजूर सोडल्यावर पुन्हा तेच. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. ऊन चढलं होतं. पंप तापून पाइपात पेट्रोलची वाफ धरली असेल म्हणून पंपावर ओलं फडकं टाकलं. सुरू झाली. जालना ओलांडल्यावर तिसऱ्यांदा बंद. पुन्हा आधी झाकण, मग कार्बोरेटर. जेट फुंकून साफ केला, फ्लोट हलवून पाहिला. सुरू झाली. मी स्वतःवर खूश होतो. तीन दोष सापडले, तिन्ही काढले असा माझा हिशेब होता. साहेबरावचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि मी हात पुसत कार्बोरेटरचं कौतुक सांगत होतो.

अंबड मागे टाकल्यावर तो खोकायला लागला. शालीवर रक्त आलं. त्याच वेळी इंजिन आचके देत बंद पडलं.

या वेळी मी झाकण उघडलं नाही. पेट्रोल आहे हे माहीत होतं आणि वेळ नव्हता. थेट पंपाचा पाइप सोडला, पंपाची दांडी हाताने मारली. थेंब येईना. फडकं टाकलं, फिल्टर काढून पाहिला, सगळं पुन्हा केलं. शेवटी टाकीतूनच काही अडलं असेल म्हणून झाकण फिरवलं, तर हवा सुस्स करून आत ओढली गेली, आणि या वेळी तो आवाज मी ऐकला.

झाकण नवं होतं, कुलपाचं. हातात घेऊन उलटं केलं. हवा आत जायला जे बारीक भोक लागतं, ते त्याला नव्हतंच. पेट्रोल संपत जाईल तशी टाकी आतून आवळली जात होती आणि पेट्रोल पुढे येत नव्हतं. सकाळपासून दर वेळी झाकण उघडल्यामुळेच गाडी सुरू होत होती. माझ्या ड्रिलनेच दोष लपवला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

"काय होतं?" साहेबरावने विचारलं.

झाकण त्यानेच या खेपेसाठी बसवलं होतं. "कचरा," मी म्हणालो.

टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं. जीप एका सेल्फमध्ये सुरू झाली. पुढे दत्ताचं गाव, मागे जालन्याचा दवाखाना. साहेबरावचे ओठ निळे पडले होते. मी गाडी वळवली.

"न्हाई उस्ताद. जांबकडं घ्या. म्हातारी वाट पाहून राह्यली असंल."

"जालना. ऑर्डर आहे."

त्याने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाला, "जी उस्ताद." त्यानंतर तो बोलला नाही.

जालन्यापर्यंत जीप एकदाही अडखळली नाही. मला त्या इंजिनाचा राग आला, अजून येतो. दवाखान्यात त्यांनी नळ्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही. मलाही ते ठाऊक होतं. संध्याकाळी एका अनोळखी खाटेवर साहेबराव गेला. वहिनी अजून पोचल्या नव्हत्या. गाडी दत्ताच्या गावाकडेच घ्यायला हवी होती. दुसरं काही म्हणून मला मनाची समजूत घालता येत नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी किल्ली माझ्या हातात दिली. मी एकटाच निघालो. दत्ताच्या आईला आता दिसत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून ती ओट्यावरून उठली.

"साहेबराव, लई दिवस लावले रे! त्या दिशी सैपाक करून बसल्ते मी."

"माय, मी आहे. साहेबराव गेला."

ती भिंतीला धरून खाली बसली.  मग म्हणाली, "मंग चल, दत्ताला सांगू."

शाळेजवळ दत्ताच्या नावाचा दगड आहे. मी तो धुतला, हार घातला, सावधान उभा राहिलो. शिपाई दत्ता. मग ज्याचं नाव कुठल्याच दगडावर लागणार नाही, ते घेतलं. नाईक साहेबराव. सॅल्यूट केला.

"पुढल्या साली कोण येईन?" म्हातारीने विचारलं.

"मी येईन, माय."

तिने चाचपडत माझा हात धरला आणि धरून ठेवला.

"तुझा बी हात म्हातारा झाला रे," ती म्हणाली.