टेलरमास्तरांचा दम

मशीनवर बसून हुतूतू घालणारा टेलर तुम्ही कुठे पाहिलाय? आम्ही पाहिलाय. आमच्या भुकूमला, एकोणीसशे साठच्या आगेमागे. देवळाशेजारच्या ओट्यावर त्यांचं मशीन असे. कापड सुईखाली सारलं की मास्तर छाती भरून हवा घेत आणि ‘हुतूतूतू’ करत पाय मारायला लागत. दम सुटला की मशीन थांबे, आणि मास्तर खोकत खोकत शिवण कुठवर आली ते बघत. सदऱ्याची कॉलर एका दमात होई. बाहीचं मात्र कधी जमे, कधी फसे. पायजम्याची तंगडी एका दमात झाली की मी तयार झालो समजा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गावाने त्यांचं नाव तंगडीमास्तर ठेवलं, आणि त्यांनीही ते हसत हसत घेतलं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर त्यांना हुतूतूचा पंच व्हायचं होतं. माणूस अंगाने गोल. पळायला लागला की धोतर सांभाळू की श्वास, अशी गत. पण वेळच तशी आली होती. आदल्या वर्षी शेजारच्या चांदे गावाबरोबरचा आमचा सामना मारामारीवर गेला होता. गड्याचा दम मधल्या रेघेच्या अलीकडे सुटला की पलीकडे, एवढ्यावरून काठ्या निघाल्या आणि दोन्ही गावांचं बोलणं बंद झालं. त्याचा फटका बसला मास्तरांच्या घराला. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, माहेर चांद्याचं. त्या दिवाळीला भाऊ त्यांना न्यायला आलाच नाही. मास्तर मला म्हणाले होते, “ही चुलीम्होरं डोळं पुसती आन म्हंती धूर झालाय. मला काय धूर वळखू येत न्हाई व्हय?”

भात निघून खाचरं मोकळी झाली तसा सामन्याचा विषय पुन्हा निघाला. चांदेकरांना आमचा पंच नको, आम्हाला त्यांचा नको. मास्तर भुकूमचे गावकरी आणि चांद्याचे जावई, कपडे दोन्ही गावांचे शिवायचे. मी उभा राहतो, असं ते आपणहून म्हणाले. आमच्या गड्यांनी नाकं मुरडली. आमच्याकडे रीतच होती, की ज्याने स्वतः मैदानात दम घातलाय त्यानेच दुसऱ्याचा सुटला म्हणावं. मास्तरांनी जन्मात एक चढाई केली नव्हती. बरं, शिकतो, म्हणाले.

आणि शिकायला आले की हो! रोज संध्याकाळी मशीनवर फडकं टाकून खाचरात हजर. चढाईचा गडी मी, म्हणून त्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. धोतराचा काचा मारून ते फक्कीची रेघ ओलांडत आणि कुणाला हात लावायच्या आतच दम संपून तिथंच उभे राहत. समोरचे गडी त्यांना धरायचं सोडून पाठ चोळत बसत. नियम मात्र त्यांना लवकर पाठ झाले. गड्याच्या बाजूने आडवं पळत कान त्याच्या तोंडाकडे ठेवायचा, हे तर ते झकास करू लागले. दमाचं गाडं तेवढं पुढे सरकेना. पंचाला कान पुरे, दमाचं काय घेऊन बसलात, असं मी किती सांगितलं. पण गड्याबरोबर आपणही आतल्या आत दम घालायचा, म्हणजे त्याचा सुटलेला बरोबर कळतो, हे खूळ त्यांच्या डोक्यातून काही जाईना.

त्यांची आणखी एक खोड होती. शिवण चुकली तर गिऱ्हाइकाला दिसायच्या आधी स्वतःच दाखवायचे. माझ्या थोरल्या भावाचं लग्न. नवरदेव मांडवाकडे निघालेला, आणि मास्तर सुईदोरा घेऊन धावत आले. कोटाच्या काखेत एक टाका वाकडा गेलाय म्हणे, जरा काढ. काकू वैतागल्या, काखेतलं कुणाला दिसणार आहे? मास्तर म्हणाले, “मला दिसतंय की.” आणि वरात थांबवून त्यांनी तो टाका उसवला.

सामना झाला चांद्यात. दोन्ही गावं खाचराच्या बांधावर बसलेली, काकूही एका कडेला. गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई माझी. मी एका गड्याला शिवलो खरा, पण काकूंच्या धाकट्या भावाने माझा पाय धरला आणि बाकीचे अंगावर पडले. फरफटत, माती खात मी हात लांबवला आणि बोटं रेघेपलीकडे टेकली. भुकूमकरांनी फेटे उडवले. ‘दम आधीच सुटला होता,’ असं ओरडत चांदेकर उठले. सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तर रेघेजवळ गुडघे टेकून खोकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. काकू पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या होत्या.

मास्तर उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “मला ठावं न्हाई. ह्याच्या आधी माझाच दम सुटला. खोकण्यात मला काय बी ऐकू आलं न्हाई. जे ऐकलं न्हाई ते सांगू कसं?”

असा पंच कुणी पाहिला नव्हता. सासुरवाडीसमोर, आपल्या गावासमोर उभं राहून म्हणतोय, मी चुकलो. मग ते माझ्याकडे वळले. “दत्तू, तूच सांग. सुटला व्हता?”

काय सांगू तुम्हाला, नाही हा शब्द अगदी जिभेवर होता. पण वाकडा गेलेला टाका भर मैदानात उसवून दाखवणाऱ्या या माणसासमोर माझी जीभ उचलेना.

“सुटला व्हता,” मी म्हणालो. “रेघंच्या अलीकडं.”

आम्ही हरलो. घरी जाताना आमच्याच लोकांनी मला नको नको ते ऐकवलं, पण एकही काठी उठली नाही. मैदानात तर माझा पाय धरणाऱ्या काकूंच्या भावानेच मला हात देऊन उठवलं, आणि मग मास्तरांपुढे जाऊन खाली मान घालून म्हणाला, “दाजी, अक्काला घिऊन घरी चला.” त्या वेळी काकूंनी डोळे पुसले तेव्हा आसपास चूल नव्हती.

पुढे गुडघे थकेपर्यंत दोन्ही गावांचे पंच मास्तरच. मैदानात दम घालायचं त्यांनी सोडलं, कान तेवढे उघडे ठेवले. मशीनवरचं हुतूतू मात्र सुटलं नाही. आज ते नाहीत. त्यांच्यामागे मीही बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो, आणि ऐकू आलं नाही तर तसं सरळ सांगत आलो. फार आठवण येते हो त्यांची.

माझ्या लग्नाचा पायजमा त्यांनीच शिवला होता. हळदीच्या दिवशी स्वतः घेऊन आले, मला बाजूला ओढलं आणि घडी उलगडून दाखवली. चेहरा असा फुललेला, जणू लग्न त्यांचंच.

“डावी तंगडी एका दमात झाली बघ, काकूला इचार. उजवीला मधी खोकलो. आधीच सांगून ठिवतो.”